बोअर गेज ओके, सीएमएम रिजेक्ट

मशीन शॉप आणि क्वालिटी यांच्यात एक भांडण वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. चाकण असो, वाळूज असो की कोल्हापूरची शिरोली, संवादसुद्धा ठरलेले. शॉपचं बोअर गेज जॉब पास करतं आणि सीएमएमच्या, म्हणजे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनच्या, रिपोर्टवर तोच आकडा लाल येतो. सुपरवायझर म्हणतो, "साहेब, आधी तुमचं मशीन तपासा." सीएमएमवाला म्हणतो, "आधी तुमचा चक बघा." जॉब काढून पुन्हा लावला की तिसराच आकडा निघतो, आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये गाडी 'सीएमएमवर भरवसा ठेवायचा तरी किती' इथपर्यंत येते.

लांबी-उंचीच्या मापांवरून असा तंटा क्वचित होतो. तो होतो बोअरवरून, रेडियसवरून, कॅमच्या वक्रावरून. कारण सीएमएम वर्तुळ मोजतच नाही. ते मोजतं बिंदू. प्रोबचा बॉल जिथे जिथे टेकला, तिथल्या बॉलच्या केंद्राचे एक्स, वाय, झेड त्याला ठाऊक असतात. वर्तुळ हा सॉफ्टवेअरने त्या बिंदूंवरून बांधलेला अंदाज. किती बिंदू घेतले, कुठे घेतले, कंस केवढा होता, वर्तुळ कुठल्या पद्धतीने बसवलं, बॉलचा व्यास किती धरला, यातलं काहीही बदललं की उत्तर बदलतं. रिपोर्टवर मात्र 62.008 एवढंच छापून येतं. माझं मत स्पष्ट आहे: वर्तुळ 'चुकलं' म्हणून सर्व्हिस इंजिनियरला फोन लावण्याआधी आपण मशीनला नेमकं काय विचारलं होतं ते तपासावं. बहुतेक तंटे तिथेच मिटतात. उरलेल्यांत खरोखर मशीनचा दोष निघतो, पण तोही पकडायची एक रीत आहे.

सीएमएमचा जन्म स्कॉटलंडचा. फेरांटी कंपनीच्या डाल्कीथमधल्या विभागाने 1950 च्या दशकाच्या शेवटी हे यंत्र तयार केलं आणि 1959 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. तेव्हाचा प्रोब म्हणजे साधा कडक दांडा. शंकूच्या आकाराचं टोक हाताने भोकात बसवायचं, शंकू आपसूक मध्यावर येणार आणि स्केलवर भोकाचं केंद्र मिळणार. केंद्र मिळायचं, पण भोक गोल आहे की नाही याचा पत्ता लागायचा नाही. 1972 मध्ये रोल्स-रॉइसमधले डेव्हिड मॅकमर्ट्री यांच्यापुढे कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातल्या बारीक इंधननळ्या मोजायचं काम आलं. कडक प्रोबने ते नीट जमेना, म्हणून त्यांनी टच-ट्रिगर प्रोब तयार केला. पुढच्याच वर्षी त्यातून रेनिशॉ कंपनी उभी राहिली. आज आपल्याकडच्या बहुतेक सीएमएमवर दिसणारा प्रोब त्याच कुळातला आहे. आत तीन दांड्या, प्रत्येक दांडी दोन आधारांवर टेकलेली, म्हणजे एकूण सहा स्पर्श. स्टायलसला जॉब लागला की यातला स्पर्श सुटू लागतो, विद्युतरोध वाढतो आणि त्या क्षणी तिन्ही स्केलचं वाचन टिपलं जातं. ही तीन आधारांची रचना ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता भांडणाच्या मुळाशी जाऊ. उदाहरण घेऊ ॲल्युमिनियमच्या एका पातळ हाउसिंगचं. बोअर 62 एच7, म्हणजे 62.000 ते 62.030. यात 6206 नंबरचं बेअरिंग बसणार. जॉब तीन जॉच्या चकमध्ये धरून टर्न केला. धरलेला असताना बोअर अगदी गोल निघालं. जॉ सोडले, पातळ भिंत मोकळी झाली, आणि बोअर तीन ठिकाणी फुगलं, तीन ठिकाणी दबलं. धरू या की सरासरी व्यास 62.008 आणि त्रिज्या कुठे 6 मायक्रॉन जास्त, कुठे 6 मायक्रॉन कमी.

दोन टोकांचं बोअर गेज यात फिरवा. एका बाजूला फुगवटा आला की बरोबर समोर दबलेला भाग येतो, कारण तीनच्या हिशेबात समोरासमोरचे भाग नेहमी उलटे असतात. सहा अधिक, सहा उणे, बेरीज शून्य. गेजचा काटा पूर्ण फेऱ्यात हलत नाही. शॉप म्हणतं, बोअर एकदम गोल आणि 62.008. शॉपचं काही चुकलेलं नाही, गेजला दिसतं तेवढं त्याने सांगितलं.

सीएमएमवर हेच बोअर तीन बिंदूंत मोजा. तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं हे आपण शाळेत शिकलो, आणि घाईच्या शिफ्टमध्ये तेवढं ज्ञान पुरेसं वाटतं. बिंदू तिन्ही फुगवट्यांवर पडले तर व्यास 62.020. सुरुवातीचा कोन 60 अंशांनी फिरवला तर तिन्ही दबलेल्या भागांवर पडतात आणि व्यास येतो 61.996, म्हणजे रिजेक्ट. जॉब तोच, मशीन तेच, फरक 24 मायक्रॉनचा. आणि गोलाई दोन्ही वेळा शून्य, कारण तीन बिंदूंना गोलाईबद्दल बोलायला जागाच नाही.

मग कुणी म्हणेल, चार घ्या. बहुतेक प्रोग्रॅममध्ये चारच असतात. इथे खरी गंमत आहे. 90-90 अंशांवरचे चार बिंदू या बोअरवर घेतले तर व्यास अगदी बरोबर 62.008 येतो, गोलाई पुन्हा शून्य येते, आणि केंद्र 6 मायक्रॉनने सरकतं. तीन फुगवट्यांचा आकार चार बिंदूंना दिसतच नाही, त्यांना वाटतं एक गोल बोअर आहे, पण जरा बाजूला. पोझिशन व्यासाच्या हिशेबात सांगतात, म्हणून रिपोर्टवर 12 मायक्रॉनची पोझिशनची चूक उभी राहते. ती शोधायला लोक फिक्स्चर तपासतात, डेटम पुन्हा घेतात, ऑफसेट बदलतात. त्यापेक्षा बिंदूंची सुरुवात 45 अंशांनी फिरवून पाहावी. केंद्र बरोबर उलट दिशेला सरकलं, तर फिक्स्चर निर्दोष आहे आणि बोअर त्रिकोणी झालंय. अंडाकृती बोअरचाही असाच खेळ आहे. चार बिंदू अक्षांपासून 45 अंशांवर पडले, तर लंबवर्तुळसुद्धा निखळ गोल म्हणून पास होतं.

म्हणून विषम संख्या बरी, आणि सातपेक्षा कमी नकोच. ब्रिटिश मानक बीएस 7172 मध्ये वर्तुळासाठी सात बिंदूंची शिफारस आहे, ती याच कारणाने. आकार नीट पाहायचा असेल तर सातही कमी पडतात, पण निदान तीन जॉची खूण ते लपवत नाहीत. दोन टच वाचवून सायकल टाइम किती कमी होतो आणि एका रिजेक्ट लॉटमागे किती तास जातात, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या शॉपपुरता करावा.

आता याच बोअरवर शंभर बिंदू घेतले तरी प्रश्न संपत नाही. सॉफ्टवेअर त्या शंभरांतून वर्तुळ कसं बसवणार? बहुतेक ठिकाणी जे आपोआप निवडलेलं असतं ते लघुतम वर्गांचं, गाउसच्या नावाने ओळखलं जाणारं. ते सरासरी काढतं, म्हणून व्यास 62.008. पण बेअरिंगला सरासरीशी देणंघेणं नाही. बेअरिंगला आत मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ हवं, आणि ते आहे 61.996. 'गो' प्लग गेज आत जाणार नाही, आणि सीएमएमचा रिपोर्ट हिरवा असेल. बोअरसाठी आत मावणारं मोठ्यात मोठं वर्तुळ, शाफ्टसाठी बाहेरून वेढणारं लहानात लहान, गोलाईसाठी दोन समकेंद्री वर्तुळांमधली कमीत कमी जागा, आणि केंद्रासाठी बहुधा गाउस, असा साधा व्यवहार आहे. फक्त एक सावधगिरी. आत मावणारं वर्तुळ दोन-तीन बिंदूंवरच टेकतं. त्यातल्या एका जागी बारीक चिप चिकटली असेल तर सगळं उत्तर त्या चिपचं. गाउसच्या वर्तुळात ती चिप शंभरांत एक होऊन विरून जाते. म्हणून ही पद्धत वापरण्याआधी जॉब पुसण्याबद्दल जरा जास्तच कडक राहावं लागतं.

या बाबतीत सगळ्या उद्योगाला एकदा जोरात धक्का बसला होता. अमेरिकेत 1988 मध्ये गाइडेप या सरकार आणि उद्योगांच्या सामाईक माहिती यंत्रणेतून इशारा निघाला की सीएमएमची सॉफ्टवेअर त्याच बिंदूंवरून वेगवेगळी उत्तरं देतात आणि काही उत्तरं उघडउघड चुकीची आहेत. त्यानंतर अमेरिकेतल्या एनआयएसटी आणि जर्मनीतल्या पीटीबी या राष्ट्रीय मापनसंस्थांनी सॉफ्टवेअरची गणितं तपासून देण्याची सोय केली. आज नामांकित सॉफ्टवेअरचं गणित बरोबर असतं. कुठलं गणित लावायचं, हा निर्णय मात्र अजून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचाच आहे, आणि तो बहुधा घेतलाच जात नाही. जे आधीपासून निवडलेलं असतं ते तसंच पुढे जातं.

पूर्ण वर्तुळाची ही कथा, तर अर्धवट वर्तुळाची विचारूच नका. 50 मिमी त्रिज्येचा कंस आहे, पण जॉबवर त्याचा फक्त 30 अंशांचा तुकडा उपलब्ध आहे. जीवेपासून कंसाच्या माथ्यापर्यंतची उंची, म्हणजे शर, भरते 1.7 मिमी. त्रिज्येबद्दलची सगळी माहिती त्या पावणेदोन मिलिमीटरमध्ये कोंबलेली असते. दोन टोकांचे बिंदू अचूक आले आणि मधल्या बिंदूत 5 मायक्रॉनची चूक झाली, तर त्रिज्या 0.14 मिमीने बदलते. तुकडा 20 अंशांचा असेल तर हीच चूक 0.32 मिमी होते. 90 अंशांच्या कंसाला तीच 5 मायक्रॉनची चूक फक्त 12 मायक्रॉनला पडते. जीवा आणि शर यांवरून व्यास काढायचा हा नियम भास्कराचार्यांच्या लीलावतीत दिलेला आहे, 1150 सालच्या. ज्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, तेच हे भास्कराचार्य. आपलं सॉफ्टवेअर लहान कंसाच्या वेळी याच नियमाच्या कचाट्यात सापडतं.

म्हणून 30 अंशांच्या कंसावर कुणी आर 50 अधिक-उणे 0.05 लिहिलं, तर त्याने मधल्या बिंदूवर फक्त पावणेदोन मायक्रॉनची मुभा ठेवली आहे. तेवढ्यात पृष्ठभागाचा खरखरीतपणा, प्रोबची पुनरावृत्ती, तापमान, सगळं बसवायचं. शंभर बिंदू घेतले तर योगायोगाच्या चुका सरासरीत बऱ्याच विरतात, पण आकाराची चूक विरत नाही. अशा रेडियसच्या मागे लागून ऑपरेटरला बोल लावण्यात अर्थ नाही. केंद्र ड्रॉइंगवर पक्कं असेल तर ते पक्कं धरून त्रिज्या काढावी, किंवा त्रिज्या पक्की धरून केंद्र काढावं. सर्वांत चांगलं म्हणजे डिझाइनवाल्याला फोन करून रेडियसच्या टॉलरन्सऐवजी प्रोफाइल टॉलरन्स मागावा. फोन करायला लोक कचरतात, कस्टमरकडे कसं विचारायचं म्हणून. पण डिझाइनवाल्यालाही बहुधा त्रिज्या नको असते. कड कुठे असावी, एवढंच त्याला सांगायचं असतं.

कोपऱ्यातला फिलेट हा याच घरचा धाकटा भाऊ. त्यात आणखी एक खोच आहे. कंस नेमका कुठे संपतो आणि सरळ भाग कुठे सुरू होतो हे डोळ्याला कळत नाही. टोकाचे एक-दोन बिंदू सरळ भागावर गेले की त्रिज्या मोठी येते. स्पर्शबिंदूंपासून दोन्हीकडे थोडी जागा सोडून मधलाच कंस मोजावा. आणि 0.8 मिमीच्या फिलेटमध्ये 2 मिमी व्यासाचा बॉल घातला तर तो कोपऱ्यात पोचणारच नाही. अशा बारीक रेडियससाठी कॉन्टूर ट्रेसर किंवा प्रोफाइल प्रोजेक्टर आहे. सीएमएमवर सगळंच झालं पाहिजे हा हट्ट कशाला?

बॉलचा विषय निघालाच आहे. स्टायलसवर 4 मिमी लिहिलेलं असतं, पण मास्टर बॉलवर कॅलिब्रेशन केलं की सॉफ्टवेअर थोडा कमी व्यास दाखवतं. नवखा ऑपरेटर घाबरतो. घाबरायचं कारण नाही. बॉल टेकल्यावर सिग्नल सुटेपर्यंत स्टायलस थोडा वाकतो, प्रोब थोडा पुढे जातो, ते अंतर या व्यासातून वजा झालेलं असतं. हा 'प्रभावी' व्यास स्टायलसच्या लांबीवर आणि टच करण्याच्या वेगावर अवलंबून असतो. कॅलिब्रेशन एका वेगाने आणि जॉब दुसऱ्या वेगाने मोजला, की चूक आलीच. ही चूक ओळखणं मात्र फार सोपं आहे. एकाच जॉबवरचं एक भोक आणि एक बाहेरचा बॉस मोजावा. भोक जितकं मोठं येतं तितकाच बॉस लहान येत असेल, तर बॉलचा व्यास चुकीचा आहे, कारण भोकात तो मिळवला जातो आणि बॉसमध्ये वजा होतो. दोन्ही एकाच बाजूला आणि आकाराच्या प्रमाणात चुकत असतील, तर दोष तापमानाचा किंवा स्केलचा. माझ्या मते या एका चाचणीत अर्ध्या तक्रारींचा निकाल लागतो, आणि तरी ती फार थोड्या ठिकाणी केली जाते. सर्टिफिकेट असलेली मास्टर रिंग आणि एक प्लग कपाटात ठेवण्यापेक्षा टेबलाच्या कोपऱ्यात ठेवावेत.

भोक खोल असेल तर स्टायलसची दांडी भिंतीला घासते का हेही पाहावं. बॉलऐवजी दांडी टेकली तर मशीन तक्रार करत नाही, एक सभ्य दिसणारा चुकीचा बिंदू देतं. लांब स्टायलस वापरताना जोड कमीत कमी ठेवावेत. आणि रुबी हा काही चिरंजीव दगड नाही. ॲल्युमिनियमवर सतत स्कॅनिंग केलं तर ॲल्युमिनियम रुबीला चिकटतं, बिडावर केलं तर रुबी झिजते. पहिल्यासाठी सिलिकॉन नायट्राइड आणि दुसऱ्यासाठी झिरकोनियाचे बॉल मिळतात. टच-टच मोजणाऱ्यांना याची विशेष काळजी नको.

भोक तिरकं असेल तर? सिलिंडरला आडवं न कापता तिरकं कापलं की लंबवर्तुळ मिळतं. 50 मिमीचं भोक एक अंशाने झुकलेलं असेल आणि वर्तुळ मशीनच्या एक्स-वाय प्रतलात मोजलं, तर एका दिशेचा व्यास साडेसात मायक्रॉनने जास्त येतो. अर्ध्या अंशाला दोनच मायक्रॉन. आधी समोरचं प्रतल किंवा सिलिंडरचा अक्ष घेऊन त्याला काटकोनात वर्तुळ मोजलं की हा प्रश्न उरत नाही. वर्तुळ बरोबर येऊनही कोअॅक्सिअॅलिटी भरकटते तेव्हा कारण निराळं असतं. डेटमचं बोअर आखूड असतं, त्यात 10 मिमी अंतरावर दोन वर्तुळं घेऊन अक्ष बांधलेला असतो, आणि तो अक्ष 200 मिमी लांब खेचलेला असतो. तिथे एका वर्तुळाच्या केंद्रात 2 मायक्रॉनची चूक म्हणजे पलीकडच्या टोकाला 40 मायक्रॉन. व्यासाच्या हिशेबात 80. यावर सॉफ्टवेअरमध्ये काही औषध नाही. दोन्ही बोअर मिळून एकच समाईक अक्ष डेटम धरता येतो का, हे ड्रॉइंगवाल्याशीच बोलावं लागतं.

एवढं सगळं तपासूनही बोअर अंडाकृतीच येत असेल, तर आता मशीनकडे बोट दाखवायला हरकत नाही. पण ते दाखवायची रीत एकच: जॉब फिरवा आणि दोष कुणाबरोबर फिरतो ते पाहा. ओव्हॅलिटीची दिशा जॉबवरच्या मार्करच्या खुणेबरोबर फिरली तर दोष जॉबचा. जॉब फिरला आणि ओव्हॅलिटी टेबलाच्या त्याच दिशेला राहिली, तर दोष मशीनचा, प्रोबचा किंवा फिक्स्चरचा. अंडाकृतीसाठी जॉब 90 अंश फिरवावा. तीन फुगवटे असतील तर 60. इथे 120 अंश फिरवणारे मी पाहिले आहेत, त्यातून काहीच कळत नाही, कारण तीन फुगवट्यांचा आकार 120 अंशांनी फिरवला की पुन्हा स्वतःवरच बसतो. आणि तीन फुगवटे न फिरता जागीच राहिले, तर मघाच्या त्या तीन आधारांच्या प्रोबकडे वळा. त्याला काही दिशांनी सुटायला कमी जोर लागतो, काही दिशांनी जास्त, म्हणून त्याच्या स्वतःच्या चुकीची खूणही तीन पाकळ्यांची असते. स्टायलस जितका लांब, तितक्या पाकळ्या मोठ्या. स्ट्रेनगेजवाल्या प्रोबमध्ये हा दोष बराच कमी असतो.

मशीनच्या अक्षांमधला काटकोन बिघडला तर वर्तुळ 45 अंशांच्या तिरक्या दिशेत लांबतं, स्केल बिघडलं तर एक्स किंवा वायच्या दिशेत. पण आरोप करण्याआधी आकडा मांडावा. काटकोनात मीटरमागे 20 मायक्रॉनची चूक असेल तर 200 मिमीच्या वर्तुळात दोन तिरक्या व्यासांतला फरक 4 मायक्रॉन, आणि आपल्या 62 च्या बोअरमध्ये सव्वा मायक्रॉनच्या आसपास. त्या बोअरमध्ये 10 मायक्रॉनची ओव्हॅलिटी यायला मीटरमागे 160 मायक्रॉनची चूक लागेल. मशीनला कुणी तरी क्रेनने ठोकलं असेल तरच इतकं. म्हणून लहान बोअरच्या मोठ्या ओव्हॅलिटीसाठी मशीनला दोष देणारा माणूस बहुधा चुकत असतो. प्रोबची खरी परीक्षा आयएसओ 10360 च्या पाचव्या भागात सांगितली आहे, वेगळ्या प्रमाणित बॉलवर 25 बिंदू घेऊन. तो आकडा मशीनच्या कागदांतल्या मर्यादेत असेल तर पुन्हा जॉबकडे यावं.

तापमानाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि मे महिन्यात सगळे ते विसरतात. मापाचं तापमान 20 अंश, हे जगभर ठरलेलं आहे. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन फुगतं. मशीनवरून उतरलेला, 30 अंशांवरचा आपला हाउसिंग 62 च्या बोअरमध्ये 14 मायक्रॉनने मोठा असतो, म्हणजे जवळजवळ अर्धा टॉलरन्स. सीएमएमला जॉबचं तापमान देऊन भरपाई करता येते, पण सॉफ्टवेअरमध्ये पोलादाचा 11.5 हा गुणांक तसाच राहिला असेल तर भरपाई अर्धीच होते आणि 7 मायक्रॉन तसेच उरतात. रूमचा एसी 20 वर आहे म्हणजे जॉब 20 वर आहे असं नाही. जाड जॉबला थंड व्हायला तास लागतात.

स्कॅनिंग आलं तसे बिंदू कमी पडण्याचे दिवस गेले. आता भांडण उलट बाजूने येतं. हजार बिंदू, त्यांत एक धुळीचा कण, आणि गोलाई 14 मायक्रॉन. मग कुणी तरी फिल्टर लावतं आणि गोलाई चुटकीसरशी उतरते. फिल्टर ही चोरी नाही, गोलाईच्या मानकांत त्याला जागा आहे. फेऱ्यामागे 50 लाटांचा फिल्टर म्हणजे त्याहून बारीक लाटा मोठ्या प्रमाणात गाळायच्या, आणि बरोबर 50 लाटांची उंची निम्मी करायची. पण तो आकडा रिपोर्टवर असलाच पाहिजे, कारण 15 चा फिल्टर आणि 150 चा फिल्टर यांचे जॉब जणू वेगळेच असतात. शिवाय लाटेमागे सात बिंदू या हिशेबाने 50 च्या फिल्टरला साडेतीनशे बिंदू तरी हवेत. पंचवीस टचवर असा फिल्टर लावणं म्हणजे नुसतं आकड्याला रंग लावणं. स्कॅन 360 अंशांच्या जरा पुढे न्यावा, म्हणजे सांध्यावर उगाच टेंगूळ येत नाही. वेगही बदलून पाहावा. वेग निम्मा केल्यावर व्यास किंवा गोलाई बदलली, तर आधीचा वेग त्या मशीनला झेपत नव्हता.

राहता राहिले वक्र: कॅम, ब्लेड, डायचे पृष्ठभाग. इथे बॉलची त्रिज्या कुठल्या दिशेला वजा करायची हाच मोठा प्रश्न. सॉफ्टवेअर ती ड्रॉइंगच्या लंबदिशेला वजा करतं. जॉब प्रत्यक्षात सरकलेला किंवा वळलेला असेल तर खरा स्पर्श दुसऱ्या दिशेला झालेला असतो. 4 मिमीच्या बॉलला एक अंशाचा फरक पडला तर चूक 0.3 मायक्रॉन, कुणी विचारतही नाही. पाच अंशांना साडेसात मायक्रॉन आणि दहा अंशांना तीस. म्हणून ब्लेडच्या पातळ कडेवरच आकडे बिघडतात, पाठीवर ठीक येतात. अलाइनमेंट एकदा घेऊन थांबू नये. पहिल्या मापावरून ती सुधारून पुन्हा मोजावं, आणि आकडे स्थिरावेपर्यंत हे करावं. किंवा आधी बॉलच्या केंद्राचा मार्ग घेऊन त्या खऱ्या वक्राच्या लंबदिशेने त्रिज्या वजा करावी.

बेस्ट फिट हे दुसरं मोहजाल. वक्र ड्रॉइंगवर हवा तसा सरकवून, फिरवून बसवला की आकडे सुंदर दिसतात. आकार तपासायला ते योग्यही आहे. पण ड्रॉइंगवर डेटम दिलेले असतील तर वक्र त्या डेटमपासूनच मोजायचा, तिथे सरकवायची मुभा नाही. कॅमचा आकार सुरेख आणि कीवेपासूनचा कोन चुकलेला, असा जॉब बेस्ट फिटमध्ये आनंदाने पास होतो.

आणि शेवटी तो दुप्पटीचा घोळ. वक्राचं विचलन एका ठिकाणी 0.04 बाहेर, दुसऱ्या ठिकाणी 0.01 आत. प्रोफाइल टॉलरन्स 0.06. एक सॉफ्टवेअर या दोन टोकांमधलं अंतर सांगतं, 0.05, पास. दुसरं जास्तीत जास्त विचलनाच्या दुप्पट सांगतं, 0.08, फेल. टॉलरन्सचा पट्टा ड्रॉइंगच्या वक्राच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणजे इथे प्रत्येकी 0.03. त्यामुळे 0.04 बाहेर गेलेला जॉब फेलच आहे, आणि मानकांनुसार दुप्पट सांगणारं सॉफ्टवेअर बरोबर. कस्टमरचं सॉफ्टवेअर यातलं कुठलं छापतं, फिल्टर कोणता लावतं, वर्तुळ कसं बसवतं, हे पहिल्या सँपलच्या वेळीच लिहून घ्यावं आणि आपल्या रिपोर्टच्या शिरोभागी तसंच छापावं. पीपॅपच्या, म्हणजे कस्टमरच्या मंजुरीच्या, फाइलवर सह्या झाल्यावर हे विचारायला गेलं, तर समोरून 'मग आतापर्यंतचे लॉट कसे पास केलेत?' हा प्रश्न येतो.